उपकारस्तुतीची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



प्रथमच सांगते की मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे शाळा सुटली ती सुटलीच. मंडळात आजवर माझे काम म्हणजे सभेनंतर चहाची भांडी मोजून घेणे आणि उपकारस्तुतीच्या दानाची वही लिहिणे. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "दर वर्षी बाहेरचे पाहुणे बोलतात, या वेळी घरातले कोणी तरी बोलू दे." मी पुष्कळ नाही म्हटले, परंतु त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत मी हो म्हणून बसले होते. विषय दिला आहे, 'उपकारस्तुतीच्या प्रार्थनेतील शांति'. विषय मोठा आहे. मला तो जेवढा कळला तेवढाच सांगेन. आणि तो मला उशिरा कळला, भांडून कळला, हेही लपवणार नाही.

आपल्यातल्या जुन्या बायांना ठाऊक आहे की २०१६ सालच्या फेब्रुवारीत आमच्या घरी काय झाले. हे एका लहानशा कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला होते. रात्रपाळी होती. पत्रा आत सरकवताना प्रेस खाली आली आणि यांच्या उजव्या हाताची चारही बोटे गेली. अंगठा तेवढा राहिला. अकरा दिवस दवाखान्यात काढले. ठेकेदाराचा माणूस दोनदा आला. दुसऱ्या खेपेस पाच हजार रुपये उशाशी ठेवून गेला, तो पुन्हा दिसला नाही. मालकाकडे गेलो तर हजेरीपटावर यांचे नावच नाही, असे ऐकून परत आलो.

मुलगी तेव्हा नववीत, मुलगा सहावीत. मी चार घरी पोळ्या लाटायला जाऊ लागले. त्याचे मला दुःख नव्हते. काम काही कमीपणाचे नाही. दुःख यांच्याकडे बघून व्हायचे. डाव्या हाताने घास घेताना भात ताटाबाहेर सांडे, मग हे अर्धपोटी उठत. पायजम्याची नाडी मी बांधायची. कर्त्या पुरुषाने बायकोपुढे नाडी बांधायला उभे राहायचे म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला नको. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि मीही यांच्या तोंडाकडे बघत नसे.

आमच्या सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. सही म्हणून अंगठाच करीत. पण उपासनेत ऐकून ऐकून अर्धे शास्त्र त्यांना पाठ होते. जेवणापूर्वीची प्रार्थना घरात त्याच करीत, आणि ती लांब असे. भाकरीबद्दल आभार, पाण्याबद्दल आभार, गिरणीवाल्याबद्दल आभार, शेजारणीने वाटीभर ताक दिले असेल तर त्या शेजारणीबद्दल आभार. मुले एक डोळा उघडून कालवणाकडे बघत बसत. मीही मनात म्हणे, की देवाला हे सगळे ठाऊक आहे, भाकरी निवते आहे.

एका रात्री त्या म्हणाल्या, "बापा, माझ्या लेकाचा अंगठा राखलास, तुझे उपकार."

मी ताटावरून उठले. म्हणाले, "आई, चार बोटे कोणी नेली तेही विचारा ना तुमच्या देवाला!" तुमच्या देवाला, असे म्हणाले मी. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरात जन्मलेली, शब्बाथशाळेत बक्षिसे घेतलेली मी! यांनी त्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली, इतका माझा आवाज चढला होता. मी मोरीत जाऊन भांडी आपटत बसले. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने येऊन बघते तो माझे ताट दुसऱ्या ताटाने झाकून ठेवलेले, आणि त्याही जेवल्या नव्हत्या.

त्या दिवसांत मी प्रार्थना करीत नव्हते असे नाही. पुष्कळ करीत होते. मात्र माझ्या प्रार्थनेत दोनच गोष्टी असत. एक म्हणजे सौदा: प्रभो, यांना काम दे, मग मी अमुक करीन. दुसरी म्हणजे त्या मालकाचे वाटोळे. त्याचा कारखाना बुडावा, त्याच्या पोराबाळांनाही कळावे, असे मी गुडघे टेकून, डोळे मिटून, प्रभूच्या नावाने मागत असे. आणि उठले की छातीवर धोंडा आणखी जड झालेला असे. रात्री तीन तीन वाजेपर्यंत मी पत्र्यावर पळणाऱ्या उंदरांचे पाय मोजीत पडे.

हे मी एकदा पाळकसाहेबांना सांगून टाकले. मला वाटले रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी स्तोत्रसंहिता काढली आणि तेरावे स्तोत्र वाचून दाखवले. त्याचा आरंभच गाऱ्हाण्याने होतो. किती काळ मला विसरशील, असे भक्त देवाला विचारतो, आणि शेवटी गाऊ लागतो. मग त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढले. ते तर आरंभापासून शेवटपर्यंत दुःखाचे आहे. शेवटच्या ओळीतही अंधारच आहे. "तेही शास्त्रातच आहे," ते म्हणाले, "कोणी काढून टाकले नाही." मला बरे वाटले. गाऱ्हाणे करायला देवाच्या घरात जागा आहे हे कळले. पण खरे सांगते बायांनो, गाऱ्हाण्याची मुभा मिळाली तरी झोप मिळाली नाही.

त्याच वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर कापणीच्या सणाची उपासना होती. तुम्हांला ठाऊकच आहे, त्या दिवशी मंदिरात बाजरी, भोपळे, कोंबड्या यांची गर्दी होते, लिलाव होतो, आणि दाराजवळच्या मेजाशी मी वही घेऊन बसते. वहीत तीन रकाने: नाव, रक्कम, कारण. मुलगा दहावी पास झाला म्हणून १०१ रुपये. सून सुखरूप बाळंत झाली म्हणून २५१ रुपये. बोअरला पाणी लागले म्हणून ५०० रुपये. मी लिहीत होते आणि मनात कडू होत होते. माझ्या नावापुढे त्या वर्षी काय लिहायचे, हा प्रश्न होता.

एक म्हातारी बहीण आली. तिचे नाव सांगत नाही. ती आता प्रभूकडे आहे. तिचा मुलगा जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता. तिने पदराच्या गाठीतून अकरा रुपये काढून मेजावर ठेवले. मी नाव लिहिले, रक्कम लिहिली, आणि सवयीने विचारून गेले, "मावशी, कारण काय लिहू?" विचारल्यावर माझीच जीभ चावली. ती म्हणाली, "एकतीस वर्षं माझ्याजवळ होता. त्याबद्दल लिही."

ती रडत होती. रडणे थांबवून, डोळे पुसून ती हे बोलली नाही. रडता रडताच बोलली. मागे माणसे खोळंबली होती. मी लिहिले. तो 'एकतीस' शब्द वाकडा आला आहे. वही आहे माझ्यापाशी, कोणालाही दाखवीन.

मी तोपर्यंत असे समजत होते की उपकारस्तुति ही रडणे संपल्यावर करायची गोष्ट आहे. आधी दुःख निवारण व्हावे, मग आभार. दुकानदाराने माल दिल्यावर आपण पैसे देतो तसे. या बाईला तर माल परत मिळायचाच नव्हता. मुलगा गेला याबद्दल तिने आभार मानले नाहीत, तसे मानले असते तर मला ते ऐकवले नसते. पण जे मिळाले होते ते मिळालेच नव्हते असेही तिने म्हटले नाही.

त्या रात्री मी अंथरुणावर बसले. ठरवले की खोटे बोलायचे नाही. अंगठ्याबद्दल आभार माझ्या तोंडून निघेनात, तेव्हा ते बाजूला ठेवले. मग खरेखुरे असे काय आहे? आठवता आठवता दवाखान्यातली शेजारच्या खाटेवरची बाई आठवली. ती पाथर्डीकडची, आपल्या धर्माची नव्हती. तिचा नवरा उसाच्या गाडीवरून पडला होता. अकराही दिवस ती आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मला देत होती, आणि रात्री तिची चादर आम्ही दोघी मिळून पांघरत होतो. तिचे पूर्ण नावही मी विचारले नव्हते. तिच्याबद्दल आभार मानले. एवढीच प्रार्थना झाली. आमेन म्हणून आडवी झाले.

दुसऱ्या रात्री तो पोरगा आठवला. यांच्याबरोबर रात्रपाळीला असणारा, परप्रांतातला, वीस-बावीस वर्षांचा. त्याने धावत जाऊन मशीन बंद केली, आपला सदरा काढून यांच्या हाताला गुंडाळला आणि मोटारसायकलवर यांना पुढे धरून दवाखान्यात आणले. नऊ महिन्यांत मला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती! मालकाचा चेहरा रोज रात्री डोळ्यांपुढे, आणि ज्याने नवरा जिवंत आणून दिला त्याचा चेहराच ध्यानात नाही. बायांनो, मला त्या रात्री माझी लाज वाटली. सकाळी मी यांना त्याचे नाव विचारले. चार दिवसांनी करंज्यांचा डबा घेऊन आम्ही दोघे त्याच्या खोलीवर गेलो. यांच्याबरोबर घराबाहेर पडण्याची ती महिन्यांनंतरची पहिलीच वेळ. पोरगा केव्हाच गावी निघून गेला होता. पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. करंज्या त्या खोलीतल्या दुसऱ्या पोरांनी खाल्ल्या. हे परत येताना रस्त्याने त्या रात्रीची हकीकत बोलले, सगळी, पहिल्यांदा. मी ऐकत चालले.

पुढे बुधवारच्या शास्त्राभ्यासात फिलिप्पैकरांस पत्र निघाले. या विषयावर बोलताना सगळे त्याच पत्राचा चौथा अध्याय सांगतात, म्हणून मी त्याच्या मागची गोष्ट सांगते, कारण ती आपल्यासारख्या मंडळाची आहे. प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात आहे. फिलिप्पै गावी पौल आला तेव्हा तिथे त्याला प्रथम भेटल्या त्या नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका. त्यांतली लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. तिने आपले घर उघडले. म्हणजे ती मंडळी बायकांच्या प्रार्थनासभेतून उभी राहिली. त्याच गावात पौल आणि सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकले, पाय खोड्यात अडकवले, आणि मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करीत गात होते. दारे उघडली ती नंतर. गाणे आधी झाले.

पुष्कळ वर्षांनी तोच पौल पुन्हा कैदेत असताना त्या मंडळीला पत्र लिहितो. त्यांनी एपफ्रदीताबरोबर पाठवलेली मदत पोहोचली, ती पोहोचवता पोहोचवता एपफ्रदीत मरणाच्या दारी जाऊन आला, हे सगळे त्या पत्रात आहे. आणि काळजी सोडून, आभार मानीत आपली मागणी देवाला कळवा, म्हणजे त्याची शांति तुमच्या मनाला राखील, हे सांगण्यापूर्वी थोड्याच ओळी वर तो युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींना विनवतो की एकमत व्हा. दोघी सुवार्तेसाठी झटलेल्या, तरी भांडत होत्या. (आपल्या मंडळातही युवदीया आणि सुंतुखे आहेत. नावे घेत नाही. त्या दोघी एकमेकींकडे बघून हसत आहेत, त्या अर्थी समेट झाला असावा.) हे सांगायचे कारण असे की शांतीचे ते वचन काही सुखी घराला लिहिलेले नाही. लिहिणारा कैदेत, निरोप्या नुकता आजारातून उठलेला, वाचणाऱ्या भांडणात.

दुसरे असे, की आभार मागणीबरोबर घालायचे आहेत. मागणी पुरी झाल्यावरची ती पावती नव्हे. मला हे तेव्हा लख्ख दिसले, कारण त्या म्हातारीने मला ते आधी दाखवले होते. पाळकसाहेब म्हणाले की 'राखील' हा शब्द मूळ भाषेत शिपायाच्या पहाऱ्याचा आहे. पौलाभोवती पहारा होताच; त्याला तो शब्द हाताशीच सापडला असेल.

आता कोणी म्हणेल, आभार मानायचे म्हणजे अन्याय गिळून बसायचे का? मलाही ही शंका होती, आणि यांना तर फारच होती. त्याचे उत्तर त्याच सोळाव्या अध्यायात आहे. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की यांना सोडून द्या. पौल म्हणाला की आम्ही रोमी नागरिक असता चौकशीशिवाय चारचौघांत फटके मारले आणि आता गुपचूप घालवून देता? त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे. आणि त्यांना यावे लागले! रात्री गाणारा मनुष्य सकाळी आपला हक्क सोडीत नाही. हे वाचले त्याच महिन्यात आम्ही वकिलाकडे गेलो. कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ सालचा कायदा तेव्हा लागू होता, हे आम्हांला तोवर ठाऊकच नव्हते. त्यात अपघातानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागत असे. आम्ही २०१७ साली केला. ज्या कोणा बहिणीच्या घरी असा प्रसंग येईल तिने पहिल्याच आठवड्यात दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत, एवढे मी जाता जाता सांगते. आमच्या दाव्याला अजून तारखा पडत आहेत.

शांति मिळाली ती केव्हा, हे मला बरोबर सांगता येत नाही. एवढे आठवते की एकदा तारखेला गेलो, दिवसभर बाकावर बसलो, आणि पुढची तारीख घेऊन परत आलो. न्यायालयात काहीही झाले नव्हते. रात्री नेहमीप्रमाणे प्रार्थना केली, मागणे केले, त्या दिवसाच्या दोन गोष्टींचे आभार मानले. त्यांतली एक म्हणजे एका अनोळखी कारकुनाने यांना उठून खुर्ची दिली होती. सकाळी दूधवाल्याने कडी वाजवली तेव्हा मी जागी झाले. तीन वाजता उठले नव्हते, चार वाजता उठले नव्हते. कडी वाजेपर्यंत झोपले होते. मी पातेले हातात धरून दारातच उभी राहिले, आणि दूधवाला म्हणाला, "ताई, पातेलं खाली धरा की."

प्रत्येक दिवस असा जातो असे सांगितले तर ती खोटी साक्ष होईल. थेस्सलनीकाकरांच्या पत्रात प्रत्येक स्थितीत आभार माना असे आहे. ते मी शिकते आहे. इफिसकरांच्या पत्रात सर्व गोष्टींबद्दल आभार माना असेही आहे; ते मला अजून पेलत नाही, आणि प्रभूला ते ठाऊक आहे. त्या मालकाचे वाटोळे मागणे सुटायला मला दोन वर्षे लागली. आजही त्या रस्त्याने रिक्षा गेली तर मी दुसरीकडे बघते.

मागे मंडळाची सहल केडगावला मुक्ति मिशनला गेली होती (दौंडजवळचे केडगाव, आपले नगरचे नव्हे). तिथे सांगितले की पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई १९२१ साली गेली, आणि आईने त्यानंतरही शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. तिथे उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमची अकरा रुपयांची म्हातारीच आली. रमाबाई फार मोठ्या, विद्वान. पण मुलाच्या पाठीमागे उरलेली आई ती आईच.

प्रभुभोजनाच्या वेळी आपण दर वेळी ऐकतो की ज्या रात्री प्रभूला धरून दिले त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि आभार मानले. मी लहानपणापासून ते ऐकत आले. आता ऐकते तेव्हा वाटते की त्याला पुढचे सगळे ठाऊक होते, धरून देणारा त्याच मेजाशी बसला होता, आणि तरी भाकरीचे आभार राहून गेले नाहीत.

यांना पुढे एका शाळेत पहारेकऱ्याचे काम मिळाले. अंगठा आणि तळवा यांच्यामध्ये धरून हे आता कप उचलतात, किल्ल्यांचा जुडगा धरतात, दोरी ओढतात. नाडी स्वतः बांधतात. दात आणि डावा हात लावून बांधतात, पण स्वतः बांधतात. अंगठाही नसता तर यांतले काहीच झाले नसते. सासूबाईंना हे त्या रात्रीच दिसले होते. त्या २०२२ साली गेल्या. जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांचे पाय चेपता चेपता म्हणाले, "आई, त्या अंगठ्यावरून मी तुम्हांला फार बोलले." त्या म्हणाल्या, "कोणत्या अंगठ्यावरून?" खरेच विसरल्या होत्या की मला लाज वाटू नये म्हणून तसे म्हणाल्या, ते मला अजून उमगले नाही.

आता घरी जेवणापूर्वीची प्रार्थना माझ्याकडे आली आहे. ती लांबते अशी तक्रार आहे. मुलगा एक डोळा उघडून कालवणाकडे बघतो, हे मला डोळे मिटूनही कळते.

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघितले, तेव्हा मी थांबते. दानाची वही आजही मागच्या मेजावर आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहायचे ते ज्या बहिणीला सुचत नसेल, किंवा सांगवत नसेल, तिने तसे म्हणावे. मी तो रकाना कोरा ठेवीन. २०१६ साली माझ्या नावापुढचाही कोराच आहे. चहा झाल्यावर कप मात्र मोजून परत द्यावेत. मागच्या वर्षी सहा कमी भरले.